एरंडेल सुटलं

घरात वास कसला येतोय, हे विचारायचं बायकोनं वीस वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. रविवारी दुपारी मी माळावरून परतलो की माझ्या आधी तो वास घरात शिरायचा. जळलेल्या एरंडेलाचा. थोडा गोडसर, थोडा विझलेल्या समईसारखा. लहानपणी ज्यांना नाक दाबून एरंडेल पाजलंय त्यांना हे पटायचं नाही, पण मला तो वास आवडतो. कपड्यांना, हातांना, गाडीच्या मागच्या सीटला तो कायमचा मुरलेला होता. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तिनं दारातच मला थांबवलं.

"अहो, गाडीची टाकी गळतीय का?"

टाकी गळत नव्हती. मी पेट्रोलवर आलो होतो.

रेडिओवर उडणारी छोटी विमानं हा माझा नाद. कोल्हापुरात नाद नसलेल्या माणसाकडं लोक जरा संशयानंच बघतात. कुणाला तालमीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा असतो. माझा जरा महागडा आणि आवाज करणारा, एवढाच फरक. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये तो लागला. तिथं दोन तारांना बांधलेलं विमान माणसाभोवती गरगर फिरायचं आणि आपणही त्याच्यासोबत फिरायचो. अडीच सीसीचं डिझेल इंजिन, त्याला प्लगच नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारख्या भागानं मिसळायचं, डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब वाढवायचा आणि बोट मोडायची तयारी ठेवून पंखा फिरवायचा. उतरल्यावर डोकं गरगरायचं ते फिरण्यानं की ईथरनं, हे तेव्हाही सांगता यायचं नाही.

नोकरी लागली, तारा सुटल्या, रेडिओ आला आणि त्याच्यासोबत ग्लो इंजिन आलं. माझं पहिलं पॉइंट ४६ होतं, म्हणजे ०.४६ घनइंच, आपल्या हिशेबात साडेसात सीसी. मुठीत मावेल एवढं. दीड मीटर पंखांचं विमान ते सहज आभाळात नेतं.

या इंजिनाची गंमत त्याच्या प्लगमध्ये आहे. ठिणगी नाही, कॉइल नाही, मॅग्नेटो नाही. प्लगच्या तळाशी प्लॅटिनमची एक बारीक वेटोळी तार असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टचा सेल लावून लाल करायची. इंजिन धरलं की सेल काढून घ्यायचा, आणि तार आपोआप लालच राहते. या इंजिनाचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, एका जातीचं अल्कोहोल. त्याची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथंच उष्णता निघते. त्यात दाबाची आणि मागच्या स्फोटाची ऊब मिळते आणि पुढचा स्फोट होतो. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये हा प्लग बाजारात आणला, त्यानंतर पुढची साठेक वर्षं लहान विमानांवर त्याचंच राज्य होतं. स्फोट नेमका कधी व्हावा हे ठरवणारं या इंजिनात कुणीच नाही. इंधन, दाब, हवा, प्लगचा स्वभाव आणि पंख्याचा भार मिळून ते आपसात ठरवतात. म्हणून तर उडवणाऱ्याला कान लागतो.

तो कान यायला मला चार वर्षं लागली. फुल थ्रॉटल द्यायचा, नीडल, म्हणजे इंधन कमीजास्त करणारा सुईसारखा स्क्रू, हळूहळू आत घ्यायची. इंधन कमी होत जातं तशी इंजिनाची तान वर चढते. ती तुटायच्या बेताला आली की थांबायचं आणि दोन क्लिक मागं यायचं. मग इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबायची. तान किंचित वर जाऊन परत आली तर ठीक. दाबताच ती पडली तर इंधन आधीच कमी आहे, वर गेल्यावर इंजिन बंद पडणार. शेवटी विमान नाक वर करून धरायचं आणि पुन्हा ऐकायचं. पावसाळी हवेत एक क्लिक, मार्चच्या उन्हात दुसरं. विमान शेपटाकडून पुसताना हाताला लागणाऱ्या तेलाच्या रंगावरून पुढच्या फेरीला काय करायचं ते कळायचं. हे सगळं बोटांत, नाकात आणि कानात साठलेलं होतं. कागदावर लिहून काढ म्हणाला असतात तर अर्धं पानही भरलं नसतं.

तेलही भरपूर. ग्लोच्या इंधनात जवळजवळ पाचवा हिस्सा तेल असतं आणि त्यातलं बरंचसं न जळता विमानावर येतं. सोबत साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि पंचे न्यावेच लागतात. पण पुढची अडचण मिथेनॉलची. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून उडवून झालं की टाकी पूर्ण रिकामी करायची, राहिलेलं इंजिनात जाळून टाकायचं, आणि कार्ब्युरेटरमधून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडून पंखा फिरवायचा. एका रविवारी कंटाळा केला की बेअरिंगला गंज. मी एकदाही कंटाळा केला नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतोय, पुढं लागणार आहे.

इंधन मी घरीच मिसळायचो. ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल; ताकद वाढवणारं नायट्रोमिथेन कुणी आणून दिलं तर पाच टक्के, तेही सणासारखं. एरंडेलाला आपल्याकडं तोटा नाही, जगातलं बहुतेक एरंडेल भारतात आणि त्यातही गुजरातेत होतं. अडायचं ते मिथेनॉलपाशी. बायको त्या कॅनला ‘तुमची दारू’ म्हणायची. मी हसायचो, पण त्या कॅनला कुलूप लावायचो. दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. दहा मिलिलिटर पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात. जळतानाही उन्हात ज्वाळा दिसत नाही. एकदा माळावर माझ्या मित्राची बाही पेटली होती आणि तो हात झटकत नाचतोय असं वाटून आम्ही हसत उभे होतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

२०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. विष म्हणून त्याच्या विक्रीवर आधीपासून बंधनं होतीच, त्यानंतर बघणाऱ्यांचे डोळे मोठे झाले. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं पाच-पाच लिटर घ्यायचो त्यांनी हात जोडले. "साहेब, तुम्ही विमानात घालता हे मला माहीत आहे. पण रजिस्टरमध्ये काय लिहू?" त्यांचं बरोबर होतं. शंभर माणसं मेल्यावर माझ्या नादाची रडगाणी गाण्यात अर्थ नव्हता. मग तयार इंधन मागवायला लागलो. ते पेट्रोलच्या कितीतरी पट महाग, आणि कुरिअरवाले ज्वालाग्राही म्हटलं की पार्सल उचलत नाहीत. कधी कुणी मुंबईहून येताना आणायचं. एक रविवार उडवायचं आणि तीन रविवार बाटलीतली पातळी बघत बसायचं, असं चाललं होतं. पेट्रोल शंभरीपार गेलं म्हणून लोक हळहळत होते, तेव्हा मी एकटाच पंपाकडं हावरट नजरेनं बघत होतो.

आता पेट्रोल का नाही आधी, असा प्रश्न कुणालाही पडेल. गंमत अशी की आधी पेट्रोलच होतं. अमेरिकेत बिल ब्राउन नावाच्या तरुणानं १९३० च्या सुमारास दहा सीसीचं ठिणगीवर चालणारं चिमुकलं इंजिन केलं, आणि १९३३ च्या तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेटनं त्या इंजिनावर रबरबँडवाल्या विमानांची अशी दाणादाण उडवली की इंजिनवाल्यांचा वेगळा गट करावा लागला. पण ठिणगी पाडायला कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि बॅटरी एवढा संसार विमानात न्यावा लागायचा. आर्डेनच्या प्लगनं तो एका फटक्यात उतरवला. पेट्रोलची वाफ प्लॅटिनमशी मिथेनॉलसारखी रमत नाही, म्हणून प्लगसोबत इंधनही बदललं. पेट्रोल उरलं ते मोठ्या विमानांपुरतं, गवत कापायच्या यंत्रांची इंजिनं सोडवून बसवायची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन काडेपेटीच्या थोडं वर एवढं लहान झालं तेव्हा कुठं दहा-पंधरा सीसीची पेट्रोल इंजिनं निघाली. जपानच्या ओ.एस.नं तर ग्लो प्लगवरच पेट्रोल चालवून दाखवलं. म्हणजे मी नव्याकडं चाललो होतो असं मला वाटत होतं, आणि रस्ता आजोबांच्या गावाला जाणारा होता.

साडेसातच्या जागी मला पंधरा सीसी घ्यावं लागलं. एक किलो मिथेनॉल जाळायला साधारण साडेसहा किलो हवा लागते, पेट्रोलला साडेचौदा. सिलिंडरमध्ये हवा मावायची तेवढीच मावते, त्यामुळं त्याच पोटात मिथेनॉल दुपटीहून जास्त जिरतं. पेट्रोलच्या किलोत उष्णता दुप्पट असली तरी ताकद त्याच मापात जरा कमीच पडते. वर इग्निशन आणि त्याची बॅटरी यांचं वजन. बदल्यात खाणं कमी. तेवढीच टाकी, दुप्पट इंजिन, आणि तरी मी जास्त वेळ हवेत.

इंजिन बसवायला उद्यमनगरात गेलो. ज्यांनी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना सांगतो, इथं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ‘इंजिन’ म्हटलं तर चार लेथवरची चार डोकी वर होतात. ऑइल इंजिनांवर वाढलेलं गाव आहे हे. माझे मिस्त्री साठीचे, ग्लो इंजिनावर त्यांचा पहिल्यापासून राग. "ठिणगी न्हाई, टायमिंग न्हाई, मग ह्ये पेटतंय कुनाच्या जिवावर?" पेट्रोल इंजिन त्यांनी हातात घेतलं, प्लग खोलून बघितला, पंख्याच्या मागच्या चकतीतलं चुंबक आणि त्यावर नजर ठेवणारा सेन्सर बघितला. चुंबक समोरून गेलं की सेन्सरनं सांगायचं आणि इग्निशननं ठिणगी पाडायची, पिस्टन वर पोचायच्या २८-३० अंश आधी. मिस्त्रींचा चेहरा फुलला. "हां! ह्ये आपल्यातलं हाय."

मिस्त्रींना मात्र माझ्या नळ्या बघवेनात. मी ग्लोच्या सवयीनं सिलिकॉनची नळी लावून आलो होतो. पेट्रोलमध्ये ती दोन दिवसांत फुगून लिबलिबीत झाली, टाकीचं बूचही त्याच वाटेनं गेलं. पेट्रोलला चालणारी पिवळी नळी मिळाली ती ब्रश कटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात. तो उसाच्या बांधावरचं गवत कापणाऱ्या यंत्रांचा डॉक्टर. माझ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर बघून म्हणाला, "हा तर आपलाच." खरंच होतं. फ्लोट नाही, आत पातळ पडदे. क्रँककेसच्या धडधडीनं पडदा हलतो आणि इंधन स्वतःच ओढून घेतो. यंत्र उलटं धरलं तरी चालावं म्हणून केलेली युक्ती, विमानाला आयतीच कामाला आली. आणखी बारीकसारीक बरंच केलं. थ्रॉटलची सळई प्लास्टिकची, कारण धातूवर धातू घासला की रेडिओत खरखर जाऊ शकते. इग्निशन रिसीव्हरपासून हातभर लांब. मिथेनॉल बाष्प होताना इंजिन गार ठेवतं, पेट्रोल तेवढं ठेवत नाही, म्हणून नाकाच्या आवरणात पत्रे लावून हवा सिलिंडरच्या पात्यांवरच वळवली. स्क्रू सगळे लॉकटाइट लावून, कारण हे इंजिन थरथरतं.

राहता राहिलं पेट्रोल. पंपावर ‘बाटलीत पेट्रोल मिळणार नाही’ असा बोर्ड. मग मोटरसायकलची टाकी फुल करायची आणि घरी येऊन नळीनं अर्धा लिटर काढायचं. लिटरला तीस मिलिलिटर टू-टी ऑइल. मिसळताना जो वास आला त्यानं मी गपकन मागं गेलो. वडिलांची लुना. पंपावरचा तो ऑइलचा हातपंप. म्हणजे मी एरंडेल सोडून कुठं परक्या मुलखात आलोच नव्हतो.

उद्यमनगरातच मागच्या मोकळ्या जागेत विमान दोरीनं खांबाला बांधलं. इग्निशन चालू, चोक बंद, हातात चामड्याचा जाड मोजा. पाच-सहा वेळा पंखा फिरवल्यावर ‘भप्प’ असा एक ढेकर आला. चोक उघडला, परत फिरवला, आणि ते लागलं. ग्लोची ती किनरी तान नव्हती, जाड, खर्जातला आवाज. निळसर धूर लेथपर्यंत गेला. मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाले, "जाळ आन् धूर संगटच!" त्या संध्याकाळी मी सगळ्या ग्रुपला कळवून टाकलं, दारू सोडली.

इथून पुढं माझी फजिती. माझं वीस वर्षांचं शहाणपण या इंजिनाला मान्यच नव्हतं. नळी चिमटीत धरून बघावी तर पडदा स्वतःच इंधन ओढतो, चिमटीला उत्तर देत नाही. दोन नीडल, एक खालच्या गतीची, एक वरच्या. ग्लोच्या हातानं मी पाव-पाव फेरा फिरवत होतो आणि हे इंजिन आठव्या हिश्शालाच रुसत होतं. खालची बिघडली म्हणून वरची फिरवायची, मग वरची गेली म्हणून खालची. तीन रविवार असे गेले. ब्रश कटरवाल्यानं शेवटी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला. दोन्ही नीडल मुळावर आणल्या, एक मिनिट ऐकलं, आणि म्हणाला, "आता हात लावू नका." "हवा बदलली तर?" "तरी नका लावू." आणि ते खरंच वर्षभर तसंच चाललं. डिसेंबरच्या थंडीत, एप्रिलच्या उन्हात. माळावर पोचायचं, चार वेळा पंखा मारायचा, उडवायचं, उतरवायचं. पुसायला एक फडकं पुरायचं.

सुख होतं. आणि मला करमत नव्हतं. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ मोकळा पडला. पूर्वी मी गुडघ्यावर बसून नीडल ऐकत असायचो तेव्हा पोरं भोवती जमायची, काय करताय विचारायची. आता विचारण्यासारखं काही उरलंच नाही. पुतण्या तर सरळ म्हणाला, "काका, एवढंच आहे तर इलेक्ट्रिक घ्या की." त्याला उत्तर देता आलं नाही. आवाज आणि वास हवा, हे उत्तर त्याच्या वयाला पटत नाही. माझ्याही वयाला सांगायला अवघड जातं.

मग पावसाळा आला. जून ते सप्टेंबर आमचा माळ चिखल असतो, विमानं भिंतीला टांगलेली. सगळ्यांनी सांगितलं होतं की पेट्रोलला ग्लोसारखे लाड लागत नाहीत. गंज नाही, शिलाई मशीनचं तेल नाही. मी वीस वर्षांत पहिल्यांदा टाकीतलं इंधन तसंच ठेवलं.

खंडेनवमीला इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि पुढच्या रविवारी माळावर गेलो. सुरू झालं. खालची गती छान. वर गेलं, दोन गोल चकरा मारल्या, फुल थ्रॉटल दिला आणि आवाज बसला. दम लागलेल्या माणसासारखा दोनदा अडखळला आणि गप्प. वारा उलटा, उंची कमी, धावपट्टीपर्यंत पोचायचं नव्हतंच. विमान उसावर गेलं, शेंड्यांवर क्षणभर तरंगल्यासारखं दिसलं आणि आत बुडालं. ऑक्टोबरचा ऊस, तोडीला आलेला, डोक्याच्या वर हातभर.

उसात विमान शोधणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच विचारावं. चार पावलांवरचं दिसत नाही. पानं हात-तोंड कापतात. पुतण्या माळावर उभा राहून ट्रान्समीटरच्या काड्या हलवत होता आणि मी सऱ्यांमध्ये श्वास धरून सर्व्होची, म्हणजे विमानाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरची, बारीक ‘झीं झीं’ ऐकू येते का बघत होतो. बऱ्याच दिवसांनी कान कामाला आला. पाऊण तासानं सापडलं. डावा पंख मोडलेला, इंजिन शाबूत. शेतमालक बांधावर उभे होते, चार ऊस मोडल्याचं त्यांना काही नव्हतं. "पायलट सुखरूप हाय न्हवं?" एवढंच विचारलं.

ब्रश कटरवाल्यानं कार्ब्युरेटर खोलला. आतला पडदा जुन्या पापडासारखा ताठ झालेला. त्यानं तो बोटावर वाकवून दाखवला. "फुलला गेलं की इंधन खेचत नाही हा. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवली होती?" मी गप्प. "सगळे हेच करतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतंय, वीस टक्के. रबराला बाधतंय, पाणी धरतंय. काम झालं की टाकी रिकामी करायची, आतलं जाळून टाकायचं." आणि मागच्या रॅकवरून त्यानं पडद्यांचं नवं किट काढून दिलं.

टाकी रिकामी करायची, आतलं जाळून टाकायचं. ज्या सवयी सोडायच्या त्या मी तीन रविवार धरून बसलो होतो, आणि धरायची ती एकच सवय आनंदानं सोडून दिली होती. आणि ते इथेनॉल येतं कुठून? आमच्या भागात तरी उसापासूनच. कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघतं, टँकरनं जातं, पंपावरून माझ्या मोटरसायकलमध्ये, तिथून विमानात. आणि विमान परत उसात.

वीस टक्के हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. गच्चीवर, सावलीत, काचेच्या मापाच्या नळीत वीस मिलिलिटर पाणी घेतलं आणि वर शंभरच्या रेघेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. ते खाली उतरून पाण्यात मिसळतं. दोन मिनिटांत मधली रेघ स्पष्ट झाली. विसावर असलेलं पाणी पस्तीसच्या आसपास चढलं होतं. वर पिवळसर पेट्रोल, ते हलकेच काढून घेऊन इंजिनाला घालता येतं.

बायको वाळलेले कपडे काढायला वर आली होती. नळीकडं वाकून तिनं विचारलं, "हे खाली काय साठलंय?"

"दारू," मी म्हणालो. "पेट्रोलातनं निघाली."

तिनं दोरीवरचा माझा शर्ट काढला, सवयीनं नाकाशी नेला आणि घडी घालायला लागली. "सोडली म्हणाला होता की."